लिनक्स मिंटचा अपडेट मॅनेजर: सुरळीत चालतो तोवर झकास

पॅनलच्या कोपऱ्यातली छोटी ढाल म्हणजे लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टीमचा अपडेट मॅनेजर. हे परीक्षण मिंट २२ मधल्या मॅनेजरचे आहे (जुलै २०२४, पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची २४.०४ आवृत्ती). सुरक्षा, कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि साधे अपडेट तो वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवतो, नको ते पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) राइट क्लिक करून बाजूला ठेवू देतो आणि रीस्टार्टसाठी मानगुटीवर बसत नाही. इथवर तक्रारीला जागा नाही. पण काही बिघडले की इंग्रजी मजकुराची खिडकी पुढे करतो आणि हात झटकतो. उपाय त्याच्याच मेनूंमध्ये असतात, फक्त तो ते सांगत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ घालणारी चूक ‘डझ नॉट हॅव अ रिलीज फाइल’. बाहेरच्या सॉफ्टवेअरची रेपॉझिटरी (ऑनलाइन कोठार) जोडताना, उदाहरणार्थ डॉकर या सॉफ्टवेअरची, सिस्टीमच्या आवृत्तीचे टोपणनाव लागते. मिंट २२ स्वतःचे नाव ‘विल्मा’ सांगते, पण डॉकरच्या सर्व्हरवर फोल्डर असते उबुंटूच्या ‘नोबल’ नावाचे. साहजिकच काही सापडत नाही. एडिट मेनूतून सॉफ्टवेअर सोर्सेस उघडा, अतिरिक्त रेपॉझिटरींच्या यादीत ती ओळ निवडून विल्माच्या जागी नोबल लिहा आणि यादी ताजी करा. मिंटची स्वतःची ओळ मात्र विल्माच राहू द्या. तीही बदलली तर नवा घोळ.

‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाइल नोंदीशी जुळत नाही) आले तर बहुधा मिररवर, म्हणजे कोठाराची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, नव्या फायली चढत असताना तुम्ही यादी ओढली, किंवा मधल्या प्रॉक्सीने (मध्यस्थ सर्व्हरने) शिळी फाइल दिली. सॉफ्टवेअर सोर्सेसच्या मेंटेनन्स भागातले ‘फिक्स मर्जलिस्ट प्रॉब्लेम्स’ बटण दाबा; ते जुन्या याद्या पुसते, मग यादी ताजी करा. तरी सुटले नाही तर मिरर बदला. मिंटला मिरर दोन असतात, मेन आणि बेस. पहिला बदलून दुसरा तसाच ठेवणारे बरेच.

‘कुड नॉट गेट लॉक’ (कुलूप मिळाले नाही) या संदेशाला घाबरू नका. मागे दुसरे काहीतरी पॅकेजे बसवत असते. संदेशात त्या प्रक्रियेचा क्रमांक दिलेला असतो. पाच-दहा मिनिटे थांबा. कुलपाची फाइल पुसून टाका, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट आहे: दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदवहीत लिहू लागल्या तर नोंदवहीच बिघडते.

अपडेट चालू असताना लाइट गेली (यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला हे नवे नाही) तर काही पॅकेजे अर्धवट राहतात. टर्मिनलमध्ये आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमाने. टाइप अर्थातच रोमन लिपीत: sudo dpkg --configure -a आणि sudo apt --fix-broken install. दुसऱ्या आज्ञेनंतर काय काय काढले जाणार याची यादी येते. त्यात डेस्कटॉपचे नाव दिसले तर ‘वाय’ दाबू नका.

‘नॉट व्हॅलिड येट’ असा संदेश आला तर दोष मॅनेजरचा नाहीच. संगणकाचे घड्याळ मागे पडले आहे. दर वेळी संगणक सुरू केल्यावर तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदला.

टाइमशिफ्टकडे (सिस्टीमची स्थिती साठवून ठेवणारे साधन) मॅनेजर वारंवार बोट दाखवतो, ते योग्यच. फायलींची नक्कल करणाऱ्या आरसिंक पद्धतीत पहिला स्नॅपशॉट (साठवलेली स्थिती) जवळपास पूर्ण सिस्टीमएवढी जागा खातो, आणि तुमच्या होम फोल्डरातले फोटो-कागदपत्रे त्यात मुळात नसतात.

राहिले कर्नल. डिस्क एन्क्रिप्ट (कूटबद्ध) करून मिंट बसवले असेल तर बूटचे विभाजन, म्हणजे कर्नल ठेवायचा डिस्कचा भाग, वेगळे आणि लहान असते. जुने कर्नल साठत जातात आणि एक दिवस ‘नो स्पेस लेफ्ट’ येते. व्ह्यू मेनूतल्या लिनक्स कर्नल्समध्ये जाऊन जुने काढा. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा एक ठेवा, म्हणजे नवा बिघडला तर ग्रबच्या (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) यादीतून मागचा निवडता येतो. प्रेफरन्सेसच्या ऑटोमेशन भागात हे काम आपोआप करणारा पर्याय आहे. तो मुळात बंद का ठेवला आहे, हे कोडेच.