चेक इंजिनचा दिवा आणि न बदललेल्या टर्बोचे बिल

ज्यांच्या गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो आणि त्याच वेळी गाडी ओढेनाशी होते, त्यांनी गॅरेजवाल्याच्या हाती किल्ली देण्यापूर्वी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमची गाडी डिझेलची आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर भार पडला की तिचा पिकअप एकदम पडायचा, कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नसे आणि मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत राहत. कडेला थांबून गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की काही काळ ती सुरळीत चाले. शहरात मात्र ही तक्रार क्वचितच जाणवत असे.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तिथे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावताच पी०२९९ हा दोषाचा कोड आला. मालकांनी तो लगेच पुसून टाकला आणि सांगितले, ‘‘साहेब, टर्बो गेलाय. आज बदलला नाही तर उद्या इंजिन बसेल, मग लाखाच्या खाली काम होणार नाही.’’ नवीन टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग), मजुरी आणि स्कॅनिंग मिळून ४६ हजार रुपयांचे बिल झाले. गाडी परत मिळाली तेव्हा दिवा विझलेला होता, आणि पुढे शहरातल्या वापरात तो लागलाही नाही.

नेमकी इथेच ही फसवणूक बेमालूम होते. पी०२९९ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनच्या संगणकाने हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा मिळाला नाही. तो टर्बो खराब झाल्यामुळे मिळाला नसेल, पण इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा, होज (रबरी पाइप) फाटलेला असणे, व्हॅक्युमची बारीक नळी सुटलेली असणे, टर्बोचा दाब कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर अडकणे किंवा दाब मोजणारा सेन्सर बिघडणे यांपैकी कशानेही हाच कोड येऊ शकतो. कोड लक्षण सांगतो, कोणता सुटा भाग बदलावा हे सांगत नाही. असा दोष आढळला की संगणक इंजिनला जपण्यासाठी ताकद मर्यादित करतो; अनेक गाड्यांत इग्निशन बंद करून चालू केले की ही मर्यादा तात्पुरती उठते. शिवाय दोष सलग तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करणे ही एक सायकल) पुन्हा दिसला नाही, तर साधारणपणे दिवा आपोआप विझतो. त्यामुळे काहीही दुरुस्त न करता केवळ कोड पुसून गाडी परत दिली आणि गिऱ्हाईक काही दिवस सपाट रस्त्यावर फिरले, तर दुरुस्ती झाली अशीच त्याची खात्री पटते.

पुढच्याच घाटात गाडी पुन्हा बसली. साताऱ्यात डिझेलच्या कामात उभे आयुष्य घालवलेले एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी कोडला हातही लावला नाही. त्याच्याबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, इंजिनवरचा भार आणि कूलंटचे तापमान, त्यांनी आधी कागदावर उतरवून घेतली. मग स्कॅनर जोडलेला ठेवून ते मला चढावर घेऊन गेले आणि मागितलेला दाब व प्रत्यक्ष दाब हे दोन आकडे शेजारीशेजारी दाखवले. सपाटीवर ते जुळत होते; चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच दुसरा आकडा मागे राहू लागला. परत आल्यावर इंटरकूलरच्या खालच्या होजवर, क्लॅम्पच्या अगदी लगत, तेलकट काळी धूळ चिकटलेली त्यांनी दाखवली. तिथे बोटांनी दाब दिला तेव्हा रबराची चीर उघडली आणि बोट काढताच मिटली. इंजिन नुसते चालू असताना ती दिसणे शक्यच नव्हते. होजची किंमत टर्बोच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती आणि तो बदलल्यापासून गाडी घाट विनातक्रार चढते आहे.

मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. टर्बोवरचे उष्णतारोधक पत्र्याचे कव्हर आणि त्याचे बोल्ट बॅटरीच्या उजेडात बघितले, तर त्यांवरचा जुना गंज अखंड होता, पान्याचा एकही ओरखडा नव्हता. नव्या टर्बोचे पैसे घेतले गेले होते आणि जुना टर्बो जागचा हललाही नव्हता. चुकीचे निदान मी समजू शकतो, कारण अधूनमधून येणारा दोष सापडणे खरोखरच अवघड असते. ही मात्र सरळसरळ चोरी होती.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कोड पुसण्यापूर्वी स्कॅनच्या पडद्याचा फोटो घ्या, कारण कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर स्वतःजवळ असला, तर दिवा लागताच गाडी सुरक्षित जागी उभी करून कोड वाचता येतो. महागडा भाग बदलण्याआधी हवेच्या मार्गाची धुराची चाचणी (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणे) आणि चढावरची चाचणी झाली का, हे स्पष्ट विचारा. बदललेला जुना भाग परत हवा, हे काम सुरू होण्यापूर्वीच जॉब कार्डवर लिहून घ्या, आणि नव्या भागाचा क्रमांक बिलावर असल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅरेजमालकांनी आधी उडवाउडवी केली. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बिल, यूपीआयची नोंद, बोल्टचे फोटो व मिस्त्रींचा लेखी अभिप्राय जोडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. तिच्यात मागणी एकच होती : काढलेला जुना टर्बो दाखवा, नाहीतर पैसे परत करा. तो त्यांच्याकडे असणे शक्यच नव्हते. टर्बोची रक्कम खात्यात परत आली आहे; मजुरी आणि स्कॅनिंगचे पैसे द्यायला ते अजून तयार नाहीत, आणि त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करण्याची कागदपत्रे मी जुळवली आहेत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.