घरचं बीपी मशीन: काही महिने वापरल्यानंतर

डॉक्टरांनी गोळीबरोबर वजन आणि मीठ दोन्ही कमी करायला सांगितलं, तेव्हा दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घेतलं. आता बरेच महिने वापरून झालंय.

घ्यायचं असेल तर आधी टेपने दंडाचा घेर मोजा. पट्टा लहान पडला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि वजन जास्त असलेल्यांना मशीनसोबत येणारा पट्टा बरेचदा अपुरा पडतो. मनगटाचं मशीन मला पटलं नाही. हात हृदयाच्या पातळीच्या जरा वरखाली गेला की आकडा बदलतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, तोंड बंद ठेवून बसायचं. (घरातल्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड!) सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच. एकट्यादुकट्या आकड्यावरून घाबरायचं नाही आणि हुरळायचंही नाही, आठवड्याची सरासरी बघायची. दवाखान्यातलं १४०/९० म्हणजे घरचं साधारण १३५/८५, हेही ध्यानात ठेवा.

मिठाचा परिणाम सर्वांत आधी दिसला, काही आठवड्यांतच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटबंद खाण्यातलं मीठही आलं. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. मी गुणाकार करू लागलो आणि खरेदीची यादी आपोआप आखडली. सुरुवातीला सगळं अळणी लागतं, मग जीभ रुळते. पोटॅशियमवालं 'कमी सोडियम'चं मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

वजनाचं काम सावकाश. ढोबळ हिशोब असा की किलोमागे वरचं बीपी साधारण एक अंकाने उतरतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं ठेवलं. मधे वजनकाटा हटून बसला होता, तरी बीपीची सरासरी उतरत होती. चालण्याचा फायदा वजन न घटताही मिळतो. नुसता काटा बघत बसलो असतो तर तेव्हाच चालणं सोडलं असतं. माझ्या लेखी मशीनचे पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारी? आकडा जरा वाढला की लाल दिवा लागतो, आणि तो बघूनच पुढचा आकडा आणखी चढतो. ॲप कटकटीचं आहे, मी वहीतच लिहितो. डॉक्टरांनी वही बघून गोळीचा डोस कमी केला. स्वतःच्या मनाने कोणी असं करू नये. ज्यांचे ठोके अनियमित आहेत त्यांच्या बाबतीत अशी मशीनं गडबडू शकतात, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आणि १८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं किंवा धाप असेल, तर पुन्हा मोजत न बसता थेट दवाखाना गाठा.