पुणे–मुंबई ये-जा, रेल्वे की कार: क्लच बदलल्यानंतरचा हिशेब

क्लचचे बिल हातात आले आणि हे लिहून काढायचे ठरवले. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुण्याहून मुंबईला कामाला जाणारे आता खूप झाले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा गाडीचा हिशेब म्हणजे पेट्रोल अधिक टोल. तो हिशेब अपुरा आहे. रेल्वे आणि कार दोन्ही काही महिने आलटून-पालटून वापरल्यावर, २०२५चा पावसाळा धरून, जे ध्यानात आले ते इथे देत आहे. एक्सप्रेसवे कुठून कुठे जातो आणि डेक्कन क्वीन कोणती, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच.

आधी पैसे. कोथरूडहून दक्षिण मुंबई साधारण १६० किलोमीटर. पेट्रोलची हॅचबॅक घाट आणि मुंबईतली रखडपट्टी धरून लिटरला १६ देते. म्हणजे दहा लिटर, १०४च्या भावाने १०४० रुपये. एक्सप्रेसवेचा टोल १ एप्रिल २०२३पासून कारला एका बाजूचा ३२०. वाशीचा टोल ऑक्टोबर २०२४पासून कारला माफ आहे, पण अटल सेतूवरून गेलात तर एका बाजूचे २५०, जाऊन-येऊन ३७५. सगळे मिळून दिवसाचे तीन हजार शंभरच्या घरात, पार्किंग वेगळे. सेतू टाळलात तर सत्तावीसशे. यात टायर, सर्व्हिसिंग आणि झीज अजून धरलेलीच नाही.

फास्टॅगचा वार्षिक पास घेऊन हा खर्च कमी होईल असे पुष्कळांना वाटते. होत नाही. तो पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांसाठी आहे. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतू राज्याच्या अखत्यारीत येतात, तिथे नेहमीसारखेच पैसे कापले जातात. फक्त या प्रवासासाठी तो पास घेऊ नका.

रेल्वेला डेक्कन क्वीनच्या दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित खुर्चीला शंभर-सव्वाशे आणि एसी चेअर कारला चारशेच्या आसपास पडतात. एसीने जाऊन-येऊन आठशे. कारमध्ये तिघे बसलात तरी माणशी हजारावर जाते, चौघे झालात तर कुठे बरोबरी होते. एकट्याने कार काढायची असेल तर पैशाचे कारण पुढे करू नये, वेळेचे करावे.

पण खरा निकाल वेळेवरही लागत नाही. तो लागतो परतीच्या गाडीवर. सकाळी पुण्याहून निघायला पर्याय भरपूर आहेत: सहाच्या सुमाराला सिंहगड, ७.१५ला डेक्कन क्वीन, आठच्या आत प्रगती. डेक्कन क्वीन १०.२५ला सीएसएमटीला लागते, अकराला टेबलावर बसता येते. संध्याकाळी मात्र ५.१०ला डेक्कन क्वीन आणि सहाच्या आत सिंहगड, एवढीच पुण्याच्या माणसाची रेल्वे. त्यानंतर ज्या गाड्या आहेत त्या कोल्हापूर, सोलापूर, हैदराबाद, दक्षिणेकडच्या. रात्री आठनंतर सुटतात, लांबच्या प्रवाशांनी भरलेल्या असतात आणि पुण्याला मध्यरात्रीच्या आसपास किंवा त्यानंतर उतरवतात. वंदे भारत दुपारी ४.०५ला सीएसएमटी सोडते, ती अर्धी रजा टाकणाऱ्यांसाठी. सकाळची वंदे भारत तर मुंबईला साडेबारानंतर पोहोचते, तिचा कचेरीला उपयोग शून्य.

म्हणजे तुमची बैठक पावणेपाचला संपते की साडेपाचला, यावर सगळे ठरते. फोर्टमध्ये कचेरी असेल तर ४.४५ला उठून ५.१० गाठता येते. बीकेसीत (वांद्रे–कुर्ला संकुलात) असेल तर चारलाच आवरायला लागायचे, मग त्या दिवशी काम झाले किती? कार आणि रेल्वेची तुलना करणारे सगळे जाण्याची वेळ मोजतात. परतीची बाजू आधी तपासा. कचेरीने पाचच्या आत सोडण्याची हमी दिली नसेल तर रेल्वेचा पास काढू नका, तो खिशात पडून राहील.

याच कारणाने कार घेणारे जास्त आहेत, आणि परतीच्याच वाटेवर कार मार खाते. मुंबईकडे जाताना घाट उतरायचा असतो. तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरलात तर ब्रेकही तापत नाहीत. पुण्याकडे येताना चढ. जुना महामार्ग आणि एक्सप्रेसवे यांची वाहतूक बोरघाटात काही अंतर एकाच रस्त्यावर येते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ट्रक पहिल्या गिअरमध्ये, त्यांना ओलांडायला निघालेले दुसरे ट्रक मधल्या मार्गिकेत, आणि मागे आपण. शुक्रवारी संध्याकाळी यात लोणावळ्याला निघालेली पर्यटकांची गर्दी मिसळते. घाट टाळणाऱ्या १३.३ किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’ रस्त्याचे बोगदे याच दुखण्यावर उपाय म्हणून खोदायला घेतले.

आता क्लचकडे. चढावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना बहुतेक जण पाय क्लचवर अर्धा दाबून गाडी तोलून धरतात. त्या वेळी क्लच प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) वेगवेगळ्या वेगाने फिरत एकमेकांवर घासत असतात. दोन मिनिटांत जळका, कुजकट वास येतो. तो ट्रकचा आहे असे समजून काच वर करू नका, आधी स्वतःचा पाय बघा. योग्य रीत अशी: पुढची गाडी एक-दोन गाड्यांचे अंतर सोडेपर्यंत हँडब्रेकवर थांबायचे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून तेवढे अंतर एका दमात कापायचे, पुन्हा हँडब्रेक. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. एएमटी (क्लचचे पेडल नसलेल्या) गाडीवाल्यांनी निर्धास्त राहू नये. आत क्लच प्लेट तीच असते, फक्त दाबणारा पाय आपला नसतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तीही तशीच जळते. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला हा त्रास नाही.

प्लेट संपत आली हे ओळखायचे कसे? चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचे आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच सरकतो आहे. दुसरी तपासणी उभ्या गाडीवर, पुढे मोकळी जागा ठेवून: हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. घरघरत चालूच राहिले तर प्लेट गेली. ही तपासणी वारंवार करू नका, तीही प्लेट खातेच.

बदलताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदम बदला, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यावी. हॅचबॅकला आठ-दहा हजार धरून चला. वॉरंटीत हे बसत नाही, झिजणारा भाग म्हणून हात वर करतात. खरी बाचाबाची फ्लायव्हीलवरून होते. सर्व्हिस सेंटरने फ्लायव्हीलही बदलावे लागेल म्हणून अंदाजपत्रक जवळजवळ दुप्पट केले होते. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवल्यावर बोलवा म्हणून सांगा आणि स्वतः जाऊन पृष्ठभाग बघा. निळसर काळे डाग आणि केसाएवढ्या भेगा असतील, किंवा बोट फिरवल्यावर पन्हळीसारखे चर लागत असतील, तर म्हणणे खरे. नुसता चकचकीत, गुळगुळीत झालेला असेल तर सँडपेपर मारून चालतो. बघायला मागितल्यावर ती ओळ अंदाजपत्रकातून गेली.

एका क्लचचे आठ-दहा हजार घाटातल्या कोंडीच्या संध्याकाळींवर वाटून टाका, म्हणजे प्रत्येक परतीला किती जमा धरायचे ते कळेल. पावसाळ्याआधी लिहिले असते तर दोघांच्या प्रवासाला कारकडे झुकते माप दिले असते. आता देत नाही.

याचा अर्थ पावसाळ्यात रेल्वे निर्धोक असते असा मुळीच नाही. घाटात दरड आली किंवा कुर्ला–शीव पट्ट्यात पाणी भरले की पहिली कुऱ्हाड पुणे–मुंबईच्या या दिवसाच्या गाड्यांवर पडते. सकाळी मुंबईला गेलेला रेकच, म्हणजे तेच डबे, संध्याकाळी परत येतो, त्यामुळे सकाळची फेरी रद्द झाली की संध्याकाळचीही जाते. म्हणून जोराच्या पावसात सकाळी गाडी वेळेवर सुटली एवढ्यावर विसंबू नका. दुपारी दोन-तीनला तिचे काय चालले आहे ते बघा आणि गरज पडली तर त्याच वेळी बस धरा. पाचला सगळेच दादरच्या स्टँडवर धावतात. एरवी वक्तशीरपणा पूर्वीपेक्षा बरा आहे. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२मध्ये सुरू झाल्यापासून कल्याण ते कुर्ला लांबच्या गाड्यांना वेगळा रूळ मिळतो. कुर्ल्याच्या पुढे मात्र लोकलच्या मधूनच वाट काढायची, उशीर झालेली गाडी तिथे आणखी मागे पडते.

आरक्षण साठ दिवस आधी उघडते. सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ आधी भरते, बाकीचे वार बऱ्यापैकी मिळतात. पहाटे पाचनंतर दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या रात्री आठला लागतो; जुलै २०२५पासून तो नऊला लागत होता. हा बदल या प्रवासाला फार सोयीचा आहे. वेटिंग सुटले की नाही हे झोपण्याआधी कळते आणि कार काढायची का ते तेव्हाच ठरवता येते. चेअर कारला आरएसी (एक जागा दोघांत) नसते, त्यामुळे अर्धवट आशा धरू नका. वेटिंगचे ऑनलाइन तिकीट चार्ट लागताच रद्द होते आणि पैसे परत येतात.

पाचच्या आत सुटका ज्यांना नक्की आहे त्यांनी दुसऱ्या वर्गाचा पास काढावा. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट, पहिल्या वर्गाचा पास दुसऱ्या वर्गाच्या चौपट. मुदत संपायच्या दहा दिवस आधीपासून नवा काढता येतो, तो काढूनच ठेवा. डेक्कन क्वीन सुपरफास्ट असल्याने पासावर सुपरफास्टचा अधिभार वेगळा भरावा लागतो. तो नसेल तर तपासनीस ऐकत नाही. पास घेऊन आरक्षित डब्यात शिरायचे नाही, पासधारकांचे डबे ठरलेले आहेत. आधी एसी चेअर कारच बरी असे मत होते. पासाच्या डब्यात बसल्यावर ते बदलले. रोजची मंडळी शिस्तीची असतात, गाडी फलाटाला लागताच कोण कुठे बसणार हे ठरलेले असते आणि नवख्याला विचारल्यावर रिकामी जागा दाखवतात. लॅपटॉप उघडून काम करायचे असेल तर मात्र एसीला तोड नाही. फक्त संध्याकाळी पावणेसात ते साडेसात कर्जत–लोणावळा चढावर बोगद्यांत नेटवर्क तुटत राहते, त्या वेळात कॉल ठेवू नका.

स्टेशनपर्यंतचे टोक पुण्यात आता सोपे झाले आहे. वनाझहून सकाळी सहाची मेट्रो धरली तर ७.१५ आरामात मिळते. सिंहगडला ती उपयोगाची नाही, पण सिंहगड चिंचवडला थांबते, पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी तीच धरावी. मुंबईच्या टोकाला बीकेसीवाल्यांनी सीएसएमटीपर्यंत जाऊ नये, दादरला उतरून पश्चिमेकडून मेट्रो ३ घ्यावी. दादरचा पूल आणि चालणे मिळून पंधरा मिनिटे धरा. नवी मुंबईचे गणित वेगळे: प्रगती पनवेलवरून जाते, तिथून हार्बर लोकल. पण ऐरोली, घणसोलीला पोहोचेपर्यंत इतके बदल होतात की तिथे तिघांनी मिळून केलेली कारच बरी, सकाळी पावणेसहाच्या आत उर्से टोलनाका पार करायचा असेल तर.

बैठक लांबलीच तर सिंहगडच्या मागे धावत सुटू नका. दादरहून ई-शिवनेरी पुण्यासाठी थोड्या-थोड्या वेळाने सुटतात, पाचशेच्या आसपास तिकीट, महिलांना निम्मे. घाटात तीही अडकते, पण क्लच तुमचा नसतो. जाताना रेल्वेने, येताना साडेपाचच्या आत सुटलात तर रेल्वेने, नाहीतर शिवनेरीने: जाऊन-येऊन सहाशे-नऊशेत दिवस भागतो. शुक्रवारी बस आधी आरक्षित करा आणि चारच्या आधीचीच घ्या.