खुर्ची वर की कीबोर्ड खाली?

घरून शिकवताना खांदे भरून येतात, त्याचं मूळ बहुधा टेबलाच्या उंचीत असतं. नेहमीचं टेबल 72 ते 75 सेंमी उंच; 155 सेंमी उंचीच्या व्यक्तीचं बसलेलं कोपर जमिनीपासून 62-64 सेंमीवर येतं. स्त्रियांची सरासरी उंची कमी, म्हणून हा दहा सेंमीचा फरक शिक्षिकांनाच जास्त सोसावा लागतो.

पहिला उपाय: खुर्ची तेवढी वर घ्या आणि पायाखाली तितकाच उंच, न घसरणारा, दोन्ही पावलं मावतील असा आधार ठेवा. आधार विसरलात तर खुर्चीची कड मांड्यांच्या मागे रुतते, पाय सुजतात, आणि गरोदरपणात तर फारच.

दुसरा उपाय: टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे. पाय जमिनीवरच राहतात, दर तासाला उठणं सोपं होतं. पण मांडी आणि ट्रे यांत निदान तीन-चार सेंमी मोकळे हवेत, नाहीतर गुडघे आपटतात. कीबोर्ड-माउस वेगळे लागतात, हे ओघानं आलंच.

घरातली खुर्ची उंच माणसासोबत वाटून घ्यावी लागत असेल, तर ट्रेच बरा. एरवी आमचा कौल पहिल्याला: वह्या तपासताना टेबलाचा पृष्ठभागही कोपराच्याच पातळीवर येतो. लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड मात्र दोन्हींत डोळ्यांच्या रेषेत आणा.