चार अक्षरं की पाच आकडे?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. दुपारी डबे उघडले की हल्ली एकच विषय, फोनवरची स्वभावाची टेस्ट. डिस्पॅचमधली मुलगी 'आयएनएफपी' आहे, डिझाइनवाला 'ईएनटीजे'. मला विचारलं तेव्हा मी वृषभ रास सांगितली, तर सगळे खो खो हसले. मग त्याच आठवड्यात मीही ती टेस्ट दिली आणि पुढे दुसऱ्या जातीची एक दिली. आता "मॅडम, मी कोणती देऊ?" असं तिघींनी विचारलंय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

चार अक्षरांची टेस्ट म्हणजे सोळा स्वभावप्रकारांची, 'मायर्स-ब्रिग्ज' किंवा एमबीटीआय. प्रत्येक अक्षर म्हणजे एका जोडीतली एक बाजू, जसं 'आय' अंतर्मुख, 'ई' बहिर्मुख. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती प्रश्नावली बेतली. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. एक गोष्ट लक्षात ठेवा: फोनवर सगळे जी फुकट देतात ती बहुतेक वेळा ही मूळ टेस्ट नसतेच. मूळ टेस्टला पैसे पडतात. फुकटवाल्या लोकप्रिय साइटवर चार अक्षरांपुढे आडवी रेघ मारून 'ए' किंवा 'टी' लावलेलं दिसतं. ती त्यांची स्वतःची भर आहे.

पाच आकड्यांची टेस्ट म्हणजे 'बिग फाइव्ह'. तिची सुरुवात मला फार आवडते. माणसाच्या स्वभावाबद्दल जे महत्त्वाचं, त्याला भाषेत शब्द असणारच, असं धरून ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून असे जवळजवळ १८,००० शब्द वेचले. आपल्याकडे बोलघेवडा, चिक्कू, लहरी, कामसू, तसे. पुढच्या अभ्यासकांनी कोणते शब्द एकमेकांच्या जोडीने येतात ते आकडेमोडीने तपासलं, आणि ढोबळमानाने पाच गठ्ठे पडले: नव्याची ओढ, शिस्त, माणसांत मिसळण्याची हौस, जुळवून घेणं आणि मनाची घालमेल. यात तुमचा कुठलाही 'प्रकार' निघत नाही. पाचही पट्ट्यांवर तुम्ही कुठेतरी असता, एवढंच.

खरा फरक इथेच आहे. समजा वेधशाळेने ठरवलं की ४० अंशांच्या वर उन्हाळा आणि खाली हिवाळा. मग ३९ अंशांच्या दुपारी आपण सोलापूरकरांनी स्वेटर घालून नव्या पेठेत फिरायचं का? चार अक्षरांची टेस्ट असंच करते. मधे रेघ मारते. ५१ टक्के बहिर्मुख आणि ९५ टक्के बहिर्मुख एका खान्यात, ४९ वाला मात्र समोरच्या गोटात. बहुतेक माणसं तर मधेच घुटमळत असतात. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. माझं शेवटचं बदललं. पहिल्यांदा दिली ती ३१ मार्चच्या गडबडीत, तेव्हा मी 'जे', म्हणजे नियोजनवाली. मे महिन्यात सुट्टीवर असताना 'पी', म्हणजे आयत्या वेळी बघू म्हणणारी.

तरी ती टेस्ट वाईट म्हणवत नाही, कारण तिचं वर्णन वाचताना मन सुखावतं. पण त्या सुखातच मेख आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं' वर्णन म्हणून कागद दिला. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच होता, आणि मजकूर बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. हे वाचल्यावर मी माझ्या जावेला तिच्या अक्षरांऐवजी भलत्याच अक्षरांचं वर्णन वाचून दाखवलं. "अगं बाई, हे तर अगदी मीच!" माझी रास काढून हसणाऱ्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

पाच आकड्यांच्या टेस्टमध्ये असं लाडावणं नाही. १२० प्रश्नांची एक नेटवर फुकट मिळते, पंधरा-वीस मिनिटं लागतात. अडचण वेगळीच आहे. मी दिली ती इंग्रजीत होती आणि प्रश्न परक्या घरातले वाटतात. 'मोठ्या पार्ट्या आवडतात का?' आमच्याकडे मोठी पार्टी म्हणजे लग्न, आणि तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही, जावंच लागतं. 'खोलीत पसारा ठेवता का?' कुठली खोली? आमच्यात चौघांत एक आहे. अशा ठिकाणी शब्दाला अडून न बसता प्रश्नाचा रोख पाहून उत्तर द्या. आमच्या खात्यातल्या निम्म्या जणी घरी तेलुगू बोलतात, कुणी कन्नड. त्यांना तर इंग्रजीतून मराठीत आणि तिथून घरच्या भाषेत असा दोनदा अर्थ लावावा लागतो. एकटीने देण्यापेक्षा दोघींनी शेजारी बसून दिलेली बरी.

निकालातले आकडे परीक्षेचे मार्क समजू नका. शिस्तीत ३० आले म्हणजे नापास नव्हे. ज्यांच्याशी तुलना केली त्या शंभरातल्या तिसेकांच्या तुम्ही पुढे आहात, इतकाच अर्थ, आणि ते शंभर जण सोलापूरचे असण्याची शक्यता कमीच. 'न्यूरॉटिसिझम'चा, म्हणजे वरच्या 'मनाच्या घालमेली'चा, आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका, तो आजार नव्हे. पण झोप उडाली असेल, मन सतत खचलेलं असेल, तर टेस्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन स्वभाव आणि करिअर सांगणारे लोकही फिरतात. माझ्या ओळखीतल्या एका घरात त्यापायी काही हजार रुपये गेले आणि हातात आली रंगीत फाइल. त्याला शास्त्रीय आधार नाही. वरच्या दोन्हींच्या पंक्तीला ते बसतच नाही.

तर तिघींना माझं उत्तर असं. नव्या टीममध्ये बोलायला निमित्त हवं असेल, किंवा 'मला गर्दीत दमायला होतं' हे घरच्यांना सांगायला शब्द सापडत नसतील, तर चार अक्षरांची द्या. स्वतःकडे नीट बघायचं असेल तर पाच आकड्यांची, तीही घाईच्या किंवा भांडणाच्या दिवशी नको. नोकरी धरायची की सोडायची, स्थळाला हो म्हणायचं का, हे दोन्हींवरून ठरवू नका. मूळ चार अक्षरांच्या टेस्टचे प्रकाशकसुद्धा ती नोकरभरतीला वापरू नका म्हणतात.

आणि पाच आकड्यांची दिलीत तर एक करा: तेच प्रश्न घरच्या एखाद्याला तुमच्याबद्दल सोडवायला लावा. मी आमच्या ह्यांना बसवलं. बाकी सगळं थोड्याफार फरकाने जुळलं. 'लहानसहान गोष्टींची काळजी करते' इथे मी 'क्वचित' लिहिलं होतं, त्यांनी 'नेहमी'. संध्याकाळी कंबर तलावाला फेरी मारताना त्या एका ओळीवर आमचं अर्धा तास चाललं होतं, आणि त्या अर्ध्या तासात मी त्यांना दोनदा विचारलं म्हणे, गॅस बंद केलाय ना?