पालेंकेला जाताय? ‘सगळं धरून’ म्हणजे काय काय, ते आधी लिहून घ्या

मेक्सिकोतल्या चियापास राज्यातलं पालेंके हे गाव आणि त्याच नावाचे प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष यांत आठेक किलोमीटरांचं अंतर आहे. पर्यटकांना गंडवण्याचे निम्मे प्रकार याच आठ किलोमीटरांत होतात. पैसे आपणच हसतमुखाने काढून देतो आणि तासाभराने कळतं, की ज्याला दिले त्याचा उद्यानाशी काही संबंधच नव्हता. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. त्यातच २०२३ च्या अखेरीस ‘त्रेन माया’ ही रेल्वे पालेंकेपर्यंत आली. त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मेक्सिकोतल्या कानकूनला विमानाने उतरून इथवर येणं सोपं झालंय. म्हणून हे सविस्तर.

आधी खरी रचना समजून घ्या. अवशेष राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहेत, म्हणून पैसे दोनदा भरावे लागतात. पहिल्यांदा रस्त्यावरच्या उद्यानाच्या चौकीत. तिथे मनगटाला पट्टी बांधतात. दुसऱ्यांदा वर, अवशेषांच्या फाटकाशी, इनाह या सरकारी पुरातत्त्व संस्थेच्या खिडकीत. तिथे छापील तिकीट मिळतं. दोन्ही दर वरचेवर बदलतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी अधिकृत दर बघून फोनमध्ये टिपून ठेवा. तिसरी खिडकी नाही.

फसवणूक या दोन खिडक्यांच्या मधल्या फटीत बसते. गावाच्या टोकाला माया माणसाच्या डोक्याचा मोठा पांढरा पुतळा असलेला चौक आहे. तिथून पुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं भाड्याच्या गाड्यांना वाहतूक पोलिसासारखा हात करतात. गाडी थांबली की सांगतात, तिकीट इथेच, वर गर्दी आहे, आणि वाटाड्या सक्तीचा आहे. तीन गोष्टींचा मिळून एक आकडा होतो. बदल्यात कधी उद्यानाची पट्टी खरी मिळते, कधी झेरॉक्स काढलेली चिठ्ठी. वरच्या फाटकावर त्या चिठ्ठीला कुणी विचारत नाही, पैसे पुन्हा भरावे लागतात, आणि खाली परत येऊन भांडायला तो माणूस जागेवर नसतो. रस्त्यात हात करणाऱ्यासाठी काच खाली करायची गरज नाही. चौकीची खिडकी दिसेल तिथेच थांबा, पट्टी समोर बांधून घ्या, तिकिटावरचा आकडा वाचा.

गाडी नसेल तर उलट बरं. गावातल्या हुआरेझ रस्त्यावरून अवशेषांकडे जाणाऱ्या कोंबी व्हॅन हात दाखवला की थांबतात. ड्रायव्हर स्वतःच चौकीपाशी उतरवतो आणि पट्टी घेतली की वर नेतो. परतीच्या वेळी मात्र दुपारी चारच्या आधीच ‘शेवटची कोंबी गेली’ असं सांगणारा टॅक्सीवाला भेटू शकतो. अवशेष पाचला बंद होतात आणि तोवर कोंब्या खाली-वर करत असतात. दहा मिनिटं थांबून बघा.

वाटाड्या सक्तीचा नाही, पण चांगला मिळाला तर पैसे वसूल होतात. अधिकृत वाटाड्याकडे मेक्सिकोच्या पर्यटन खात्याचं फोटो, क्रमांक आणि मुदत असलेलं ओळखपत्र असतं. ते हातात घेऊन मुदत बघा. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. मग तीन प्रश्न: आकडा माणशी की सगळ्यांचा मिळून, किती वेळ, आणि बरोबर येणार तो हाच का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण सफाईदार इंग्रजी बोलणारा सौदा ठरवतो आणि आत दुसऱ्याच कुणाच्या हवाली करतो, ज्याचं इंग्रजी पाठ केलेल्या दहा वाक्यांपुढे जात नाही.

‘खास परवानगीने पाकालच्या थडग्यात नेतो’ ही तर शुद्ध थाप. पालेंकेच्या पाकाल राजाने इ.स. ६१५ ते ६८३ राज्य केलं. त्याचं थडगं पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना १९५२ मध्ये शिलालेखांच्या मंदिराखाली सापडलं, पण ते लोकांसाठी बंद आहे. त्याची हुबेहूब प्रतिकृती खालच्या संग्रहालयात आहे आणि ती अवशेषांच्याच तिकिटात बघता येते. संग्रहालय सोमवारी बंद असतं. पाकालचा जेड या हिरव्या दगडाचा मुखवटा दाखवतो म्हणणाऱ्यालाही हात जोडा. तो इथे नाहीच, मेक्सिको सिटीत आहे.

आता सहलींकडे. मिसोल-हाचा ३५ मीटर उंच धबधबा आणि आग्वा आसुलचे निळे पाणवठे ही जोडी हुआरेझ रस्त्यावरच्या प्रत्येक टेबलावर विकली जाते. टेबलामागचा माणूस बहुतेक वेळा दलाल असतो, गाडी दुसऱ्याची. तो घेतो ती ‘आगाऊ रक्कम’ हीच त्याची दलाली. उरलेले पैसे ड्रायव्हरला द्यायचे असतात. ड्रायव्हर म्हणतो, प्रवेशशुल्क यात नाही. दलाल म्हणाला होता, सगळं धरून. दोघेही चिठ्ठी दाखवा म्हणतात आणि चिठ्ठीवर असतं फक्त तुमचं नाव आणि आकडा. त्यात आग्वा आसुलच्या रस्त्यावर स्थानिक वस्त्यांची दोन वेगवेगळी नाकी लागू शकतात, म्हणजे प्रवेशाचे पैसे दोनदा. जमीन त्यांची आहे, वसुली उघड आहे. ती फसवणूक नव्हे. फसवणूक करतो तो हे माहीत असून न सांगणारा दलाल. चिठ्ठीवर गाडी चालवणाऱ्या कंपनीचं नाव आणि तिचा राष्ट्रीय पर्यटन नोंदणी क्रमांक, निघायची वेळ आणि जागा, दिलेली व उरलेली रक्कम, आणि कोणकोणतं शुल्क धरलंय हे लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर पुढचं टेबल. आणखी एक: जाहिरातीतला तो फिरोजी रंग कोरड्या महिन्यांतला असतो. जोराच्या पावसात पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि टेबलावरचा फोटो बदलत नाही.

याच सहलीचा सर्वात त्रासदायक प्रकार म्हणजे ‘धबधबे बघत थेट सान क्रिस्तोबाल’, म्हणजे चियापासमधलंच दुसरं पर्यटन शहर. थेट काही नसतं. आग्वा आसुलच्या फाट्यावर सामानासकट दुसऱ्या व्हॅनमध्ये चढवतात. ती व्हॅन भरलेली असली, उशिरा आली किंवा यादीत तुमचं नाव नसलं, की दुपार तिथेच संपते आणि ओकोसिंगो गावावरून जाणारा वळणाचा रस्ता अंधारात करावा लागतो. पालेंके ते सान क्रिस्तोबाल या सुमारे २१० किलोमीटरांच्या रस्त्यावर दोरी आडवी बांधून ‘सहकार्य’ मागणारे गट असतात, कधी पूर्ण रास्ता रोकोही. वीस-पन्नास पेसोंची सुटी नाणी-नोटा वेगळ्या खिशात ठेवा, वाद घालू नका, आणि रात्री तिथून जाऊ नका. मोठ्या कंपनीच्या बसेसनी या अडथळ्यांमुळे वियाएर्मोसा शहरावरून वळसा घ्यायला सुरुवात केली. वेळ बराच जास्त लागतो, तरी आमचं मत बसलाच.

अंबर, म्हणजे झाडांच्या राळेचा लाखो वर्षांत दगड झालेला पिवळसर खडा, हा चियापासचा खरा माल. सिमोहोवेल गावच्या खाणींतून येतो. म्हणूनच नकली फार. काच आणि प्लास्टिक अंबर म्हणून, आणि कोवळा राळेचा खडा, म्हणजे कोपाल, जुन्या अंबरच्या भावाने विकतात. २५० मिलिलिटर पाण्यात सात-आठ चहाचे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. अंबर तरंगतं, काच, बेकेलाइट, अ‍ॅक्रिलिक बुडतात. पण कोपाल आणि काही हलकं प्लास्टिकही तरंगतं, म्हणून एवढ्यावर थांबू नका. मागच्या बाजूला नेलपॉलिश काढायच्या अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका: कोपाल चिकट होतं, अंबरला सहसा काही होत नाही. अतिनील टॉर्चखाली चियापासचं अंबर निळसर चमकतं, काच मात्र नाही. चांदीत जडवलेल्या लोलकाला मिठाचं पाणी निरुपयोगी. धातूच त्याला बुडवतो, आणि विक्रेत्याला हे ठाऊक असतं. आत अख्खा विंचू पाय पसरून बसलेला दिसला तर तो प्लास्टिकमध्ये ओतलेला समजा. ‘शेतात सापडलेली’ माया मूर्ती नकली असेल तर पैसे गेले, आणि खरी असेल तर १९७२ च्या कायद्यानुसार ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.

पैशांचं थोडक्यात. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं, त्यामुळे पाटीवरचा आकडा पेसोंतलाच धरा, आणि कुणी डॉलर म्हणाला तर हसून पुढे चला. कार्ड यंत्रावर चलन पेसोच आहे ना, ते बघून मग पिन टाका. एटीएम ‘आमचा विनिमय दर स्वीकारा’ असं विचारतं, तेव्हा नकार द्या. व्यवहार रद्द होत नाही; पैसे तुमच्या बँकेच्या दराने निघतात, जो बहुतेक वेळा बराच चांगला असतो.

शेवटचा मुद्दा भारतीयांसाठी खास. चियापास हा उत्तरेकडे अमेरिकेत जाणाऱ्या स्थलांतरितांचा मार्ग, त्यात भारतीयही असतात. त्यामुळे इथल्या रस्त्यांवरच्या इमिग्रेशन चौक्यांवर आपल्याला बसमधून उतरवून विचारपूस होऊ शकते. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. हॉटेलात ठेवलेला पासपोर्ट किंवा फोनमधला त्याचा फोटो पुरत नाही. आता अनेक विमानतळांवर वेगळा कागद न देता पासपोर्टवरच शिक्का मारून मुक्कामाचे दिवस लिहितात. उतरताच तो आकडा वाचता येतोय ना, ते काउंटरवरच बघा. चौकीवर कुणी ‘कागद नाही, दंड भरा’ म्हणत रोख मागितली, तर शिक्क्याच्या पानावर बोट ठेवा, नाव आणि पावती मागा, आणि दंड कार्यालयात भरतो म्हणा.