‘पूर्ण वाढलेली जोडी’ म्हणून विकलेली पिल्ले

इंदूरमधील शोभेच्या माशांच्या एका दुकानदाराने आम्हाला व्हेनस्टस माशांची जोडी ‘पूर्ण वाढलेली’ म्हणून विकली. मासे जेमतेम तीन इंचांचे होते. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तरी सुमारे ५६ लिटरांची आहे, हे त्याला आधीच सांगितले होते, आणि ही जात याहून वाढत नाही असे त्याने स्पष्ट सांगितल्यावरच आम्ही जोडीचे अडीच हजार रुपये मोजले. दुकानदार आपल्यातलाच, “काका, ही बुटकी जात आहे, तुमच्या टाकीत जन्मभर आरामात राहील,” असे कोणी आपल्या भाषेत सांगितले की या शहरातली मराठी माणसे फारशी चौकशी करत नाहीत, हे त्याला पुरते ठाऊक असावे. शिवाय इंदूरच्या बोअरिंगचे जड पाणी आफ्रिकेतल्या मोठ्या सरोवरांतल्या सिक्लिड कुळातील माशांना (व्हेनस्टस त्यांतलाच) मानवते, हे त्याचे म्हणणे खरेच होते. त्यांना क्षारयुक्त, साधारण ७.८ ते ८.६ पीएचचे पाणी लागते. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडून बाकीचे खपले.

व्हेनस्टस, शास्त्रीय नाव निम्बोक्रोमिस व्हेनुस्टस, हा मलावी सरोवरातील शिकारी मासा आहे. त्याचा नर २२ ते २५ सेंटिमीटर, म्हणजे नऊ-दहा इंचांपर्यंत वाढतो, आणि त्याची बुटकी अशी कोणतीही जात नाही. सरोवरात तो वाळूत अर्धवट शिरून निपचित पडतो व जवळ आलेली लहान मासळी गिळतो. आमच्या टाकीत यलो लॅबची पिल्ले होती. हा मासा मोठेपणीही दहा सेंटिमीटरच्या आसपासच राहतो. ती पिल्ले एकेक करून नाहीशी होऊ लागली, तेव्हा दुकानदाराने पाण्यात अमोनिया वाढल्याचे निदान करून आम्हाला औषधाची एक बाटलीही विकली. मेलेला मासा एकदाही हाती लागला नव्हता, हे त्याला सांगूनही! वर्ष उलटेपर्यंत दोन्ही व्हेनस्टस सहा-सात इंचांचे झाले होते आणि टाकीत त्यांना धड वळताही येत नव्हते.

या व्यवहारातली लबाडी माशांच्या अंगावरच दिसत होती. पिवळट अंगावर जिराफासारखे तपकिरी ठिपके हे या जातीतल्या पिल्लांचे आणि माद्यांचे रूप आहे. वयात आलेल्या नराचे डोके निळे होते आणि ठिपके पुसट होत जातात. दोन्ही मासे सारखेच ठिपकेदार असतील, तर एकतर ती पिल्ले आहेत किंवा दोन्ही माद्या आहेत. ‘पूर्ण वाढलेली नर-मादी’ ती असूच शकत नाही. जो माणूस रोज हे मासे हाताळतो, त्याला हे कळत नसेल यावर माझा विश्वास नाही.

जाब विचारायला गेलो तेव्हा आधी उत्तर मिळाले की मासा टाकीएवढाच वाढतो, तुम्हीच खाणे जास्त घातले. हा समज बराच पसरलेला आहे, पण लहान टाकीत वाढ मंदावते ती मुख्यतः साचलेल्या घाणीमुळे आणि कोंडमाऱ्यामुळे, आणि त्याची किंमत मासा प्रकृतीने मोजतो. नंतर त्याने मासे फुकट परत घेण्याचे ‘उपकार’ करण्याची तयारी दाखवली, आणि ते नको असेल तर सिरपूर तलावात सोडून द्या, असेही सुचवले. परदेशी मासा तलावात सोडण्याचा परिणाम काय होतो, हे तिलापियाने दाखवून दिलेले आहे. तोही आफ्रिकन सिक्लिडच, १९५२ मध्ये भारतात आणलेला आणि आज असंख्य तलावांत घुसलेला. आम्ही मासे दुकानात परत दिले. काही आठवड्यांनी त्यांतला एक तिथल्याच मोठ्या टाकीत ‘शो पीस’ म्हणून, आम्ही दिलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक भावाने मांडलेला दिसला. शेपटीजवळची जुनी जखम आमच्या ओळखीची होती.

त्याच दुकानात टांगानिका सरोवरातला फ्रंटोसाही बुटका म्हणून विकला जातो. तो ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, मात्र इतक्या सावकाश वाढतो की फसवणूक ध्यानात येईपर्यंत काही वर्षे निघून जातात. लहान वयातच भडक रंगलेल्या पीकॉक सिक्लिडबद्दलही सावध राहावे. पिल्लांना हार्मोन देऊन रंग आणण्याचा प्रकार या धंद्यात चालतो, आणि तो रंग पुढे उतरतो.

आमच्या बिलावर फक्त ‘फॅन्सी मासे, २ नग’ एवढेच लिहिलेले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराने याच ओळीकडे बोट दाखवले: व्हेनस्टस दिलाच नाही, तर त्याच्या आकाराची हमी कुठून दिली असणार? म्हणून बिलावर माशाचे शास्त्रीय नाव आणि पूर्ण वाढीचा आकार दुकानदाराच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावा, आणि तो लिहून देईपर्यंत पैसे देऊ नयेत. आमची तक्रार अजून मिटलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे टाकीचे व माशांचे तारखांसह काढलेले फोटो जोडून अर्ज तयार करण्याचे काम सध्या चालू आहे.